एका दाराआडचे तीन हात

अगं सुमन, अशी जवळ सरक. कागदावरून कशी सरकू म्हणशील, तर चष्मा लाव आणि कागद डोळ्यांजवळ घे, म्हणजे झालं. फोन केला की तुझ्याकडं कुकर लागलेला असतो, नाहीतर दारात कुणीतरी उभं असतं. "ताई, थोडक्यात सांग," म्हणतेस. थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर मी चौथी शिकलेली बाई वही-पेन घेऊन बसले असते का? धाकटी ना तू माझी? मग मोठीचं सगळं ऐकायचं, पहिल्यापासून. आणि तुझ्या डोंबिवलीच्या शेजारणींनाही वाचून दाखव. त्या कुठं डोंगरावर जायला बसल्यात.

एक आधीच सांगून ठेवते. ह्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नव्हतं आणि उरलेलं अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर मला सांग.

कडाव

माघातली गोष्ट. वाल काढायला आला होता आणि मी अंगणात शेंगा निवडत होते, तर आपल्या अण्णाची शुभदा जीपमधून उतरली. शेजारणींसाठी सांगते, शुभदा आमच्या भावाची मुलगी. डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नव्हे, रक्त तपासणारी. तिच्याबरोबर एक विलास म्हणून माणूस होता, सुईनं रक्त काढायचं काम त्याचं. हात इतका हलका की मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. हे मी स्वतः घेतलेल्या अनुभवावरून सांगते, कारण शुभदानं पहिलं रक्त माझंच काढायला लावलं.

"आत्या, तुझ्या दंडावर देवीच्या लसीच्या खुणा आहेत ना? दाखव."

मी दाखवल्या. दोन गोल वण, रुपयाएवढे, आत जरा खळगा. आपल्या लहानपणी तो लस टोचणारा आला की आई मला भाताच्या कणगीमागं उभी करायची, आठवतं? तुला नाही आठवणार, तू अंगावर पीत होतीस. शेवटी सापडलेच मी.

"पण आता कशाला हे?" मी विचारलं. "देवी तर केव्हाच गेली."

"माणसांची गेली. तिच्या गोतातले रोग आहेत अजून. म्हशींना होतात, उंदरांना होतात."

"मग म्हशींचं रक्त घे की बाई."

विलास हसला. शुभदा हसली नाही, ती लहानपणापासून अशीच. म्हणाली, "एखादा रोग अंगात येऊन गेला, नाहीतर त्याची लस टोचली, की रक्त त्याची ओळख धरून ठेवतं. पन्नास वर्षांनीही ती सापडते. तुझ्यासारख्या लस टोचलेल्यांच्या रक्तात ती असणारच. पण आता पंचेचाळिशीच्या आतल्या कुणाला ती लस मिळालेली नाही. त्यांच्या रक्तात ओळख सापडली, तर याचा अर्थ गुराढोरांकडून काहीतरी येऊन गेलं आणि कुणाला पत्ता लागला नाही."

"म्हणजे चोर घरात शिरून गेला, नेलं काहीच नाही, पण पायाचे ठसे राहिले. तसं?"

"तसंच."

मला वाटलं, कळलं. मग मला जीपमध्ये घालून ती डोंगरातल्या वाड्यांवर निघाली, आणि वाटेत लोधिवली येईपर्यंत पुन्हा सगळं गोंधळलं, कारण मध्येच मी विचारलं की मग कांजिण्या, गोवर, हेही त्याच गोतातले का. तर ती म्हणाली, अजिबात नाही, नुसते दिसायला तसे. आपण तर अंगावर पुरळ उठला की बाया आल्या म्हणतो, देवी समजून सगळ्यांनाच हात जोडतो. चाळीस वर्षं मी चुकीच्या पाहुण्यांचा मान केला की काय, कोण जाणे.

मला कशाला नेत होती, तर वरच्या वाड्यांवर बायका शहरातल्या माणसांशी बोलत नाहीत. नर्सबाई आली की चूल सोडून रानात जातात. शुभदा म्हणाली, "तू नुसती बस आणि बोल." आता हे काम मला कुणी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं.

लोधिवली, मग खालापूर

लोधिवलीला माझ्या नणंदेच्या घरी एक रात्र राहिलो. त्यांच्याकडं पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, तोंड पाल्यानं बंद, मडकं उपडं आणि वरून जाळ. विलास घाटावरचा माणूस, त्यानं हे कधी बघितलेलं नव्हतं. पहिली शेंग सालासकट खाल्ली त्यानं. नणंद म्हणाली, "खाऊ दे गं, दुसऱ्याचं रक्त काढून दमतो बिचारा."

दुसऱ्या दिवशी खालापूरला कचेरीत एका कागदावर सही हवी होती. सही करणारे साहेब जेवायला गेले होते, आले ते तीन वाजता. तेवढ्यात डब्यातला बर्फ निम्मा वितळला. रक्ताच्या नळ्या गार ठेवायला निळा डबा असतो, झाकणाचा, खांद्याला पट्टा. बर्फ कुठं मिळणार म्हणून मी डबा घेऊन बाजारात गेले. मासे विकणाऱ्या बायकांकडं बर्फ असतोच. एकीनं विचारलं, "मावशी, काय हाय डब्यात? बोंबील का सुरमई?"

"रक्त हाय," मी म्हटलं.

"कुनाचं गं?"

"ज्यानं ज्यानं भाव विचारला त्याचं."

तिनं बर्फ फुकट दिला. वर कढीपत्ता पण दिला, का ते मला आजवर कळलेलं नाही.

धनगरवाडा

जीप जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेली. पुढं दीड तास पायवाट. माझे गुडघे तुला माहीत आहेत. विलासनं डबा घेतला आणि शुभदानं मला.

वर बारा-तेरा घरं, कुडाच्या भिंती, आणि प्रत्येक घरात माणसांपेक्षा म्हशींना जागा जास्त. रोज पहाटे दूध खाली डेअरीत पोचवायचं, त्यावर सगळं चालतं. गंमत बघ, गोठ्यात चार म्हशी आणि पाहुण्याला कोरा चहा. आपल्याकडं असा चहा पुढं ठेवला तर माणूस रुसेल. पण तिथं दुधाचा थेंब खाली जातो, घरात राहत नाही. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी मात्र अशी होती की मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला नुसतं बघितलं, तर ती पण वाढली.

तिथं सगळे सगळ्यांना एकेरी बोलतात. मला सत्तरीच्या बाईला विशीतली पोर "बस गं आत्या, पाय धू" म्हणते, आणि त्यात अपमान नसतो. पहिल्यांदा मला टोचलं, दुसऱ्या दिवशी गोड लागायला लागलं.

ज्या घरी आम्ही जेवलो तिथं तीन बायका. भागीबाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण वाड्यावर तिचा शब्द चालतो. तिची सून जनी, चोवीस-पंचवीसची. आणि लेक पारू, तिचं लग्न ठरत होतं. पुरुष म्हशी घेऊन रानात.

पहिल्या दिवशी सगळ्या वाड्याला शुभदानं अंगणात बसवून समजावलं, कागदावर अंगठे घेतले. नळीवर नाव लिहीत नाही, नुसता नंबर, हेही सांगितलं. संध्याकाळी मी पाय धुवायला झऱ्यावर गेले तर जनी मागोमाग आली. घागर भरली तरी जाईना. मग उजवा हात पुढं केला. अंगठ्यावर आणि दोन बोटांवर वण, भरून आलेले.

"पावसाच्या शेवटी म्हशीच्या सडांवर फोड आले व्हते," ती म्हणाली. "मंग माझ्या हातावर आले. ताप आला दोन दिस. आत्या, रक्तात ते दिसल का?"

"दिसेलही. मला काय कळतंय."

"डेअरीवाल्याला कळलं तर दूध घेनार नाय. आमचंच नाय, सगळ्या वाड्याचं नाय घेनार. सासू मला उभी जाळील."

मी तिला म्हटलं, नळीवर नंबर असतो बाई, तुझं नाव कुणाला कळणार नाही, तू हात दे. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, सुमन? शुभदाच्या. आणि शुभदाला विचारलं का? नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर भागीबाईच्या दाराला कडुनिंबाची डहाळी. जनीच्या तीन वर्षांच्या लेकीच्या अंगावर रात्रीतून पुरळ उठला होता. शुभदानं लांबूनच विचारपूस केली आणि म्हणाली, कांजिण्या आहेत, आपल्या कामातलं नाही हे. पण त्या घरची रीत अशी की डहाळी लागली की परक्याची सावली उंबऱ्याच्या आत पडता कामा नये, आणि घरातल्या बाईनं परक्याला तोंड दाखवायचं नाही. शुभदाला पलीकडच्या घरी म्हातारं माणूस बोलावत होतं, ती तिकडं गेली. विलास म्हणाला, आता काय करायचं.

आतून भागीबाई म्हणाली, "आमी हात भाईर देतो. घे तुझं रक्त."

दारावर जुनं लुगडं आडवं टांगलेलं. विलास बाहेर पाटावर बसला, मी त्याच्या शेजारी, मांडीवर नावं-नंबरांची वही. मी नाव पुकारायची, आतून हात यायचा.

"भागीबाई."

डावा हात आला. रुंद, सुरकुतलेला, करंगळी मोडून वाकडी बसलेली. रक्त निघालं.

"जनी."

उजवा हात आला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. मी विचारलं, दंडावर देवीची खूण आहे का? आतून "नाय." मी नाय लिहिलं.

"पारू."

हात यायला वेळ लागला. मग डावा आला, मूठ करून, तळवा खाली. विलास म्हणाला, "कोपरातली शीर द्या की." आतून आवाज, "हीच घे." त्यानं हाताच्या पाठीवरून काढलं. मूठ सोडली तेव्हा करंगळी वाकडी.

मी बघितलं, सुमन. अगदी बघितलं. आणि मनात काय आलं, तर मायलेकींचे हात किती सारखे असतात. तुझं आणि आईचं कपाळ नाही का एक. विलासला म्हटलंसुद्धा, "बघा हो, लेक आईवर गेली." तो म्हणाला, "हं." हात लगेच लुगड्याआड गेला.

परत कडाव

महिन्याभरानं शुभदा आली ती उड्या मारायची बाकी. पोरगी लहानपणी पण इतकी खूश दिसली नव्हती. पदर खोचून मी वालाचं बिरडं करत होते, तर स्वयंपाकघरात येऊन ओट्यालाच टेकली.

"आत्या, बाकी सगळ्या वाड्यांवर फक्त म्हाताऱ्यांच्या रक्तात सापडलं. पण त्या एका घरात दोन तरुण बायका. लस नाही, खूण नाही, आणि ओळख इतकी ठळक की म्हाताऱ्यांइतकी. आता गुरांचे डॉक्टर घेऊन जाते, सगळ्या म्हशी तपासायला लागतील. डेअरीलाही सांगावं लागेल."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. एका बाजूनं वाटलं, जनीची भीती खरी झाली, मी तिला शब्द दिला होता आणि आता तो शब्द डेअरीत जाऊन पडणार. मग वाटलं, पण पारूनं तर कधी म्हशीला हात लावलेला मी बघितला नाही, धारा काढायची ती जनी. पारूला कुठून झालं? आणि तिथं ती वाकडी करंगळी आठवली, आणि जनीचा म्हणून आलेल्या उजव्या हाताच्या बोटांवर वण नव्हते, हेही आठवलं.

आता सांग, तू काय केलं असतंस? बोलले तर भाचीच्या हातातलं एवढं मोठं काम जातं. गप्प बसले तर बारा घरांचं दूध बंद. आणि करंगळीचं बोलावं तर जनीच्या बोटांचंही बोलायला नको का? ते तर तिनं विश्वासानं दाखवलेलं. मी बिरड्यात दोनदा मीठ घातलं.

शेवटी म्हटलं, "शुभदा, ते तीन हात एकाच बाईचे असतील."

मी करंगळीचं सांगितलं. बोटांच्या वणाचं नाही सांगितलं.

"तू दारात बसली होतीस ना आत्या?"

"होते."

"मग?"

मी म्हटलं, मला वाटलं लेक आईवर गेली. ती जेवली नाही. अंगणात जाऊन विलासला फोन लावला, बराच वेळ बोलली, मग येऊन म्हणाली, "चूक माझी आहे. दाराला डहाळी होती तेव्हा मी त्या घराचं काम थांबवायला हवं होतं. पंधरा दिवसांनी जायला हवं होतं. उद्या वर जाऊ. कुणालाही काही कळवत नाही मी, डेअरीला नाही, डॉक्टरला नाही, आधी जाऊ."

पुन्हा वर

ह्या खेपेला गुडघ्यांना विचारलंच नाही. दाराची डहाळी निघाली होती, पोर बरी होऊन अंगणात धुळीत खेळत होती. भागीबाई गोवऱ्या थापत होती. शुभदानं सरळ विचारलं. मला वाटलं ही आता नाकारेल.

"मीच दिलं," भागीबाई म्हणाली, हात न थांबवता. "मंग? घरात बाया आल्या की उपास कोन धरतं? मी. मीठ कोन सोडतं? मी. सगळ्या घराचं माझ्या अंगावर घेते. तुमी रक्त मागितलं, ते पन मीच घेतलं अंगावर. बाया घरात असताना सुनेच्या अंगात सुई घालू दिली असती व्हय?"

"पण मावशी, मला जनीचंच रक्त बघायचं होतं."

"का? माझ्यात काय कमी हाय?"

शुभदाला हसू आलं, खरंच आलं, मी पहिल्यांदा बघितलं. तिनं खाली बसून सांगितलं की तुमच्या रक्तात लहानपणीची लस बोलते, त्यामुळं मला वाटलं तुमच्या सुनेला म्हशीकडून काही झालं. भागीबाईनं थापायचं थांबवलं. "म्हशीकडनं?" ती म्हणाली. "आमच्या म्हशींना काय झालंय?"

आणि तेवढ्यात जनी हंडा घेऊन आली. तिनं आम्हा तिघींकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"तू सांगितलंस गं आत्या?"

"हातांचं सांगितलं," मी म्हटलं. "बोटांचं नाही."

"कसली बोटं?" भागीबाई.

आता बघ, हे माझ्या तोंडून निघालं. बोटांचं नाही म्हणताना बोटांचंच सांगून बसले. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. जनीनं हंडा खाली ठेवला, सासूसमोर उजवा हात धरला आणि सगळं सांगितलं. सडांवरचे फोड, ताप, चुलीच्या राखेनं बोटं झाकून काढलेल्या धारा. भागीबाई उठली आणि शेणाचे हात तसेच घेऊन गोठ्यात म्हशींकडं गेली.

जनी शुभदाला म्हणाली, "माझं रक्त घे. माझं म्हनून घे. पन काय निघालं तर आधी मला सांगायचं. डेअरीत मी जाऊन सांगन, तू नाय."

"कबूल," शुभदा म्हणाली. मग पारूलाही विचारलं, ती तयार झाली. भर उन्हात, उघड्या अंगणात, विलासनं दोघींचं रक्त काढलं. मी वही धरली नाही. शुभदानंच लिहिलं.

निकाल आला. पारूच्या रक्तात काही नाही. जनीच्या आहे, थोडं, पण आहे. म्हशीकडूनच का, ते रक्तावरून ठामपणे सांगता येत नाही म्हणे, त्या गोतातलं काहीतरी. मी विचारलं, मग एवढं करून कळलं काय? शुभदा म्हणाली, पुष्कळ कळलं. असेल.

ती स्वतः वर जाऊन आधी जनीला सांगून आली. जनी दुसऱ्या पहाटे दुधाबरोबर डेअरीत गेली आणि तिनं सांगितलं. आठ दिवस त्या घराचं दूध घेतलं नाही. मग गुरांचे डॉक्टर वर गेले, सगळ्या म्हशींचे सड बघितले, सगळे स्वच्छ, फोड केव्हाच बरे झालेले. दूध पुन्हा सुरू झालं. फोड असताना धार काढायची नाही, काढली तर हात धुवायचे आणि ते दूध वेगळं ठेवायचं, हे आता जनी वाड्यावरच्या बायकांना सांगते. सासूच्या पुढं उभी राहून सांगते.

त्या आठ दिवसांत मी एकदा एकटी वर गेले होते. भागीबाईच्या घरात न विकलेल्या दुधाच्या लोण्याची कढई चुलीवर, तूप कढत होतं, सगळ्या घराला वास. मला कुणी बस म्हटलं नाही. जनीनं झऱ्यापर्यंत सोबत केली. मी विचारलं, "मी हातांचं बोललेच नसते तर बरं झालं असतं का गं?"

ती म्हणाली, "मला नाय कळत आत्या. पन सासूनं माझ्या नावानं दिलेलं रक्त माझं नव्हतं, हे मला रोज टोचायचं. आता नाय टोचत."

आणि मग तिनं सासूचा निरोप सांगितला. ज्या बाईनं माझ्या घरातलं बाहेर काढलं, तिनं पुन्हा यायचं असेल तर आपल्या घरचं माणूस घेऊन यावं. भाची नको, ती सरकारी कामाची. रक्ताचं, पाठचं माणूस हवं. त्याच्यासमोर बसून दोघींनी बोलायचं, म्हणजे मिटतं. त्यांच्यात असंच मिटतं.

माझ्या पाठची तू एकटी उरलीस, सुमन. कुकर उतरव, शेजारणीला किल्ली दे आणि ये. पाऊस लागला की ती पायवाट वाहून जाते, त्याआधी ये. तू बोलू नकोस काही, नुसती माझ्या शेजारी बस. ती कोरा चहा देईल. तो दिला, म्हणजे झालं.